पिंक फ्लॉइडचा ‘एकोज’ संग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंक फ्लॉइड हा इंग्लिश रॉक बँड ऐकायला कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की मी ‘एकोज’चं नाव सांगतो आणि पुढचा अर्धा तास त्याच संग्रहाबद्दलच्या शंका निस्तरत बसतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

‘एकोज’ म्हणजे नक्की काय?

नोव्हेंबर २००१ मध्ये आलेला पिंक फ्लॉइडच्या निवडक गाण्यांचा संग्रह. दोन सीडी, २६ गाणी, सुमारे अडीच तास. १९६७ च्या पहिल्या सिंगलपासून (सिंगल म्हणजे अल्बमऐवजी सुटं काढलेलं गाणं) १९९४ च्या ‘द डिव्हिजन बेल’पर्यंतचा माल यात आहे. बँडच्या आयुष्यातले तिन्ही कालखंड, म्हणजे सिड बॅरेटचा, रॉजर वॉटर्सचा आणि डेव्हिड गिलमोरचा, एकाच खोक्यात.

पण ‘एकोज’ हे तर एका गाण्याचं नाव आहे ना?

हो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. १९७१ च्या ‘मेडल’ या अल्बमची अख्खी दुसरी बाजू म्हणजे ‘एकोज’ हे एकच गाणं, साडेतेवीस मिनिटांचं. बरोबर तीस वर्षांनी त्याचंच नाव संग्रहाला दिलं. ते गाणं या संग्रहातही आहे, पण पूर्ण नाही. त्याबद्दल खाली सविस्तर तक्रार केली आहे.

बँडमध्ये कोण कोण होतं? थोडक्यात सांगा.

वॉटर्स (बास), निक मेसन (ड्रम्स) आणि रिचर्ड राइट (कीबोर्ड्स) हे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकणारे तिघे. सिड बॅरेट केंब्रिजचा, चित्रकलेचा विद्यार्थी. सुरुवातीची बहुतेक गाणी त्याची, आवाज त्याचा, बँडचं नावही त्यानेच दोन अमेरिकन ब्लूज गायकांच्या नावांवरून जुळवलेलं. १९६७ सरता सरता त्याची मनःस्थिती इतकी ढासळली की त्याला स्टेजवर उभं करणं मुश्किल झालं. त्याच्या जोडीला म्हणून केंब्रिजचाच गिलमोर आला आणि काही महिन्यांत बॅरेट बाहेर पडला. पुढे वॉटर्सने सूत्रं हातात घेतली, १९८५ मध्ये तोही गेला, आणि ‘पिंक फ्लॉइड’ हे नाव कुणाचं यावरून उरलेल्यांशी कोर्टबाजी झाली. १९८७ च्या अखेरीस तडजोड झाली.

फ्लॉइडच्या संगीताला ‘आर्ट रॉक’ म्हणतात. म्हणजे वेगळं काय?

तीन मिनिटांच्या नाचायच्या गाण्यापलीकडे रॉकला काहीतरी म्हणायचं आहे, असं मानणाऱ्यांचं संगीत. लांब रचना, टेपवरचे प्रयोग, अख्ख्या अल्बमला एक विषय. व्याख्येच्या फंदात याहून जास्त पडू नका. ‘एकोज’ची पहिली सीडी लावा, वीस मिनिटांत कळेल.

गाणी कुणी निवडली? ते तर एकमेकांशी बोलत नव्हते.

एका टेबलाशी बसून निवडली नाहीत, एवढं नक्की. वॉटर्स, गिलमोर, मेसन आणि राइट या चौघांची मतं घेतली गेली. मधला दुवा होता जेम्स गथ्री. हा १९७९ च्या ‘द वॉल’ या अल्बमपासूनचा त्यांचा ध्वनिमुद्रक, दोन्ही तटांच्या विश्वासातला. भावकीत वाटणी करताना गावातला एखादा माणूस असतो, ज्याच्या ओसरीवर दोन्ही भाऊ येतात पण वेगवेगळ्या वेळी येतात. गथ्रीचं काम तेच. वाटणी तशी बरोबर झालेली दिसते: बॅरेटची पाच गाणी, वॉटर्स गेल्यानंतरची पाच, आणि उरलेली सोळा मधल्या काळातली.

गाणी काळानुसार का लावलेली नाहीत? १९६७ नंतर एकदम १९७९ कसं काय?

बहुतेकांची पहिली तक्रार हीच असते. माझीही होती. काळानुसार लावलं असतं तर पहिला पाव तास बॅरेटच्या चिमखड्या गाण्यांचा, शेवटचा अर्धा तास गिलमोरच्या गुळगुळीत गिटारचा, आणि ज्यासाठी लोक सीडी विकत घेतात ते सगळं मधे. नवख्याने दहाव्या मिनिटाला सीडी काढली असती.

पण खरं कारण याहून मोठं आहे असं मला वाटतं. हा क्रम कुणीतरी विचार करून रचलेला आहे आणि त्यात एक गोष्ट सांगितलेली आहे.

सुरुवात आणि शेवट बघा. संग्रह उघडतो ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी डॉमिनी’ने, मिटतो ‘बाइक’ने. १९६७ च्या ‘द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन’ या पहिल्या अल्बमच्या ब्रिटिश आवृत्तीतलं पहिलं गाणं ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी डॉमिनी’, शेवटचं ‘बाइक’. म्हणजे २७ वर्षांची सगळी कमाई त्या पहिल्या अल्बमच्या दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवली आहे. गंमत पुढे आहे. त्या अल्बमच्या अमेरिकन आवृत्तीतून ही दोन्ही गाणी काढून टाकली होती आणि तिथे पहिलं गाणं होतं ‘सी एमिली प्ले’. ‘एकोज’वर दुसरं गाणं कुठलं? ‘सी एमिली प्ले’. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर फ्लॉइडची पहिली ओळख ज्या गाण्याने झाली, ती दोन्ही ओळीने.

बॅरेटची पाच गाणी जरा जास्तच नाहीत का? तो तर दोन-अडीच वर्षंच होता.

हिशोबाने बघितलं तर जास्त आहेत. पण ती कुठे ठेवली आहेत ते ऐकल्याशिवाय हिशोब करू नका.

दुसरी सीडी सुरू होते ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ने. हे बॅरेटवरचं गाणं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. ५ जून १९७५ ला अ‍ॅबी रोड स्टुडिओत याच गाण्याचं मिक्सिंग चालू असताना एक जाडजूड, भुवया भादरलेला माणूस आत येऊन बसला. कितीतरी वेळ कुणी ओळखलंच नाही. तो बॅरेट होता. ही हकीकत मी किती वेळा वाचली असेल, तरी दर वेळी ‘शाइन ऑन’चे पहिले चार स्वर वाजले की तो सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेला दिसतो.

आता त्याच सीडीच्या दुसऱ्या टोकाला या. नववं गाणं ‘अर्नोल्ड लेन’, दहावं ‘विश यू वेअर हिअर’, अकरावं ‘जगबँड ब्लूज’. नववं आणि अकरावं बॅरेटचं. पैकी ‘अर्नोल्ड लेन’ हे बँडचं पहिलं सिंगल, मार्च १९६७ चं, आणि ‘जगबँड ब्लूज’ हे बँडच्या अल्बमवर आलेलं बॅरेटचं अखेरचं गाणं, १९६८ चं. पहिलं आणि अखेरचं, मधे ‘तू इथे हवा होतास’ म्हणणारं १९७५ चं गाणं. आणि ‘जगबँड ब्लूज’ सुरू कसं होतं? आपण इथे नाही हे स्पष्ट केल्याबद्दल तो आपल्याच मित्रांचे अदबीने आभार मानतो.

एकाने हाक मारावी आणि दुसऱ्याने सात वर्षं आधीच उत्तर देऊन ठेवलेलं असावं, तसं हे ऐकू येतं. मूळ अल्बम सुटे ऐकताना ही दोन गाणी कधीच शेजारी येत नाहीत. ‘एकोज’वर येतात. एवढ्या एका जोडीसाठी मी या संग्रहाचे बाकीचे सगळे गुन्हे माफ करतो.

अशा आणखी जोड्या आहेत का?

आहेत. दुसऱ्याच सीडीवर तिसरं ते पाचवं गाणं लागोपाठ ऐका: ‘द फ्लेचर मेमोरियल होम’, ‘कम्फर्टेबली नम’, ‘व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री’. वॉटर्सचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले. रॉजर तेव्हा जेमतेम पाच महिन्यांचा. पहिल्या गाण्यातलं ‘फ्लेचर’ त्यांच्या नावातलं, तिसरं गाणं थेट त्यांच्या मृत्यूवरचं, आणि मधे सगळ्या जाणिवा बधिर झालेला मुलगा. बॅरेट एक गेलेला माणूस, वडील दुसरा. फ्लॉइडच्या गाण्यांत जी पोकळी सतत घुमत असते तिच्या या दोन बाजू आहेत, आणि दोन्ही या सीडीवर एकेका झुपक्यात ठेवल्या आहेत.

पहिल्या सीडीवर असं काही सापडतं का म्हणून मी पुष्कळ शोधलं. ‘मनी’नंतर ‘कीप टॉकिंग’ का, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. बहुधा नुसतं बरं वाटतं म्हणून.

एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं तेच कळत नाही. सीडी खराब आहे का?

नाही, ते मुद्दाम केलेलं आहे. गथ्रीने बहुतेक गाणी एकमेकांत मिसळून जोडली आहेत. एकाचा शेवट विरतोय तोवर दुसऱ्याची चाहूल लागते. फ्लॉइडचे मूळ अल्बमही असेच सलग असतात. मग संग्रहात गाण्यांमधे दोन-दोन सेकंदांची शांतता ठेवली असती तर ती गाणी ओळखीचीच वाटली नसती.

माझ्या मते या संग्रहातलं खरं काम या सांध्यांत आहे. गाणी तर सगळी आधीच झालेली होती. ‘हाय होप्स’च्या शेवटी लांब कुठेतरी देवळाची घंटा वाजत राहते, गिलमोरची गिटार रडून थकलेली असते, मैफल भैरवीने संपली असं वाटून आपण उठणार, तेवढ्यात ‘बाइक’चा तो अवखळ पोरगा आत घुसतो आणि आपली सायकल दाखवायला लागतो. १९९४ आणि १९६७ यांच्यामधे श्वास घ्यायलाही जागा नाही.

मोबाइलवर ऐकताना गाण्यांच्या मधे ‘टिक’ असा आवाज येतो. काय करू?

हे माझ्याही बाबतीत झालं आहे. फार वर्षांपूर्वी मी सीडीवरून एमपी३ केल्या होत्या. ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ अवर लाइव्ज’ हे दीड मिनिटाचं गाणं, हेलिकॉप्टरच्या घरघरीने सुरू होणारं. त्याच्या टोकाला आवाज चढत चढत जातात, ड्रम्सचा मारा होतो, एक किंकाळी येते आणि तिच्या शेपटालाच ‘अनदर ब्रिक इन द वॉल’चा ठेका पडतो. माझ्या एमपी३ मध्ये किंकाळीच्या ऐन टोकाला अर्ध्या सेकंदाची शांतता, एक बारीक टिक आणि मग ठेका. तबलजीने तिहाई घ्यावी आणि समेवर त्याला शिंक यावी, तसं.

उपाय सोपा आहे. ज्या अ‍ॅपवर किंवा प्लेअरवर गाणी सलग वाजवण्याची सोय आहे तो वापरा आणि सेटिंगमध्ये ती चालू आहे का बघा. ‘शफल’ मात्र बंद ठेवा. हा संग्रह शफलवर ऐकणं म्हणजे कीर्तनातला उत्तररंग आधी आणि पूर्वरंग नंतर ऐकणं.

गाणी कापली आहेत हे खरं का?

खरं आहे. एका सीडीत फार तर ऐंशी मिनिटं मावतात, आणि दोन्ही सीड्या काठोकाठ भरलेल्या आहेत. कात्री चालली ती अशी:

‘एकोज’ साडेतेवीस मिनिटांचं होतं, इथे साडेसोळा. ‘शाइन ऑन’चे नऊ भाग मूळ अल्बमवर दोन तुकड्यांत विभागलेले आहेत, इथे पहिले सात एकत्र जोडून साडेसतरा मिनिटांत बसवले. ‘हाय होप्स’मधून दीडेक मिनिट गेलं. आणि ‘मरून्ड’ साडेपाचवरून दोन मिनिटांवर आणलं. फ्लॉइडला आजवर मिळालेलं एकमेव ग्रॅमी ‘मरून्ड’लाच मिळालं आहे, १९९५ चं. त्याला इथे दोन गाण्यांमधला पूल म्हणून वापरलं. वाईट वाटतं, पण पूल म्हणून ते झकास आहे हेही कबूल करायला हवं.

‘एकोज’ची कापाकापी मात्र मला चालायची नाही. त्यामागे जुनी जखम आहे. नव्वदच्या दशकात पुण्यात कॉलेजला असताना आम्ही कॅसेट ‘भरून’ घ्यायचो. कोरी नव्वदची कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी दुकानात द्यायची, चार दिवसांनी घेऊन जायची. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. माझ्या कॅसेटच्या पहिल्या बाजूला शेवटी ‘एकोज’ होतं. पहिली दोन कडवी झाली, मधला तो वाऱ्याचा आणि समुद्रपक्ष्यांच्या किंचाळ्यांचा लांबलचक पट्टा झाला, राइटचा तो एकच टिंग टिंग करणारा स्वर परत आला, संगीत चढायला लागलं, आणि खट्. टेप संपली. दोन वर्षं मला ठाऊकच नव्हतं की त्या गाण्याला तिसरं कडवं आहे. मी समजत होतो की ते गाणं असंच संपतं, मधेच, कड्यावरून पाय सुटल्यासारखं. मित्राकडे मूळ अल्बम ऐकला तेव्हा ते कडवं आलं आणि वाटलं, दोन वर्षं रोखलेला श्वास आत्ता सुटला.

म्हणून सांगतो, तिसऱ्या कडव्याचं मोल त्याच्या आधी किती वाट बघितली यावर आहे. वाट बघण्यातली सात मिनिटं काढली की समेवर यायला तेवढी ओढच उरत नाही. गथ्रीची कात्री इतकी सफाईदार आहे की शिवण दिसत नाही. तरी एकदा मूळ ऐका.

तो ‘टिंग’ आवाज कसला आहे?

पियानोचा एक वरचा स्वर. राइटने वाजवलेला, लेस्ली स्पीकरमधून काढलेला. लेस्ली म्हणजे आतला कर्णा गरागरा फिरणारा स्पीकर, मुळात ऑर्गनसाठी बनवलेला. स्वर पाणबुडीतल्या सोनारसारखा झाला आणि त्यावरून गाणं उभं राहिलं. आणि त्या समुद्रपक्ष्यांच्या किंचाळ्या म्हणजे गिलमोरची गिटार आहे. वाह-वाह पेडलच्या दोन वायरी उलट्या जोडल्या की ती तशी ओरडते.

कोणते अल्बम यात अजिबातच नाहीत?

‘मोअर’ (१९६९), ‘उमागुमा’ (१९६९), ‘अ‍ॅटम हार्ट मदर’ (१९७०) आणि ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’ (१९७२). बॅरेट गेल्यावर आणि ‘डार्क साइड’ (१९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’) यायच्या आधी बँड चाचपडत होता तो हा काळ, आणि ‘मेडल’ सोडला तर तो अख्खा गायब आहे. बँडला स्वतःलाच त्या काळाची जरा लाज वाटते, हे त्यांच्या मुलाखती वाचणाऱ्यांना माहीत असेल. ‘अ‍ॅनिमल्स’मधून फक्त ‘शीप’ घेतलं आणि ‘डॉग्ज’ वगळलं, कारण ते एकटंच सतरा मिनिटांचं आहे. ‘डार्क साइड’ची चार गाणी आहेत, पण त्या अल्बमचा शेवट असलेली ‘ब्रेन डॅमेज’ आणि ‘एक्लिप्स’ ही जोडी नाही. हे मला आजही पटलेलं नाही.

२०१४ चा ‘दी एंडलेस रिव्हर’ हा संग्रह निघाल्यानंतरचा, त्यामुळे त्याचा प्रश्नच नाही.

यात असं काही आहे का जे दुसरीकडे मिळत नव्हतं?

‘व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री’. १९८२ मध्ये ‘द वॉल’ चित्रपटासाठी केलेलं, सिंगल म्हणून निघालेलं, पण कुठल्याच अल्बमवर नसलेलं. सीडीवर ते पहिल्यांदा ‘एकोज’मुळेच आलं. २००४ मध्ये ‘द फायनल कट’च्या नव्या आवृत्तीत ते घातलं गेलं, म्हणजे आता त्याचं अप्रूप राहिलेलं नाही.

‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये शब्दांशिवाय गाणारी बाई कोण?

क्लेअर टोरी. जानेवारी १९७३ मध्ये एका रविवारी तिला स्टुडिओत बोलावलं, विषय मृत्यू आहे एवढं सांगितलं आणि गायला लावलं. मानधन तीस पौंड, रविवार म्हणून दुप्पट दराने. पुढे ते गाणं जगभर वाजलं आणि श्रेयनामावलीत गीतकार-संगीतकार म्हणून फक्त राइट. ‘एकोज’ निघाला तेव्हाही तसंच होतं. २००४ मध्ये टोरीने दावा लावला, २००५ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर राइटच्या बरोबरीने तिचं नाव येतं. तुमच्याकडे जुनी सीडी असेल तर पुस्तिका उघडून बघा.

मुखपृष्ठावर काय आहे?

खिडकीतून दुसरी खिडकी, तिच्यातून तिसरी, आणि जागोजागी जुन्या अल्बम-गाण्यांच्या खुणा. हे काम स्टॉर्म थॉरगरसनचं. तो बॅरेट-वॉटर्सचा केंब्रिजपासूनचा दोस्त, १९६८ पासून बँडची बहुतेक मुखपृष्ठं त्याची किंवा त्याच्या हिप्नोसिस या कंपनीची. चित्रातल्या चित्रात चित्र ही कल्पना त्याने १९६९ मध्ये ‘उमागुमा’वर वापरली होती. संग्रहात ‘उमागुमा’चं एक गाणं नाही, पण त्याचं मुखपृष्ठ मात्र मागच्या दाराने आत आलं आहे.

याआधी फ्लॉइडचे संग्रह नव्हते का?

होते, पण बँडच्या अख्ख्या आयुष्याचा आढावा घेणारा एकही नव्हता. १९७१ चा ‘रेलिक्स’ सुरुवातीच्या गाण्यांचा. त्याच्यावरचं विचित्र यंत्राचं रेखाचित्र ड्रमर निक मेसनने काढलेलं आहे. १९८३ चा ‘वर्क्स’ सोडून दिला तरी चालेल. १९८१ चा ‘अ कलेक्शन ऑफ ग्रेट डान्स साँग्ज’ मात्र किश्श्यासाठी लक्षात ठेवावा. नाव शुद्ध थट्टा, कारण यातल्या गाण्यांवर कुणी नाचलेलं ऐकिवात नाही. अमेरिकेत बँडने कंपनी बदलली होती आणि जुन्या कंपनीने ‘मनी’ वापरू द्यायला नकार दिला. मग गिलमोरने ते गाणं नव्याने रेकॉर्ड केलं, जवळजवळ सगळी वाद्यं एकट्यानेच वाजवून. सॅक्सोफोनला फक्त मूळ वादक डिक पॅरीला बोलावलं.

२०११ चा ‘अ फूट इन द डोअर’ घेऊ की ‘एकोज’?

पहिला एकाच सीडीचा, सोळा गाण्यांचा आहे. ‘ब्रेन डॅमेज’ आणि ‘एक्लिप्स’ त्यात आहेत, ‘हॅव अ सिगार’ही आहे. गाडीत लावायला बरा. पण बॅरेटचं फक्त एक गाणं, आणि ‘एकोज’ नाहीच. वर लिहिलेलं सगळं वाचूनही हा प्रश्न पडला असेल तर ‘अ फूट इन द डोअर’ घ्या, सुखी व्हाल.

‘एकोज’ खपला किती?

ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला. लक्षात राहण्यासारखा आकडा मात्र चार वर्षांनंतरचा आहे. २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये ‘लाइव्ह ८’ च्या कार्यक्रमात वॉटर्स, गिलमोर, मेसन आणि राइट २४ वर्षांनी एका मंचावर आले. त्यानंतरच्या आठवड्यात ब्रिटनमधल्या एचएमव्हीच्या दुकानांत ‘एकोज’ची विक्री १,३४३ टक्क्यांनी वाढली. आफ्रिकेतल्या गरिबीसाठी केलेल्या कार्यक्रमातून कलाकारांनी नफा कमवू नये, तो दान करावा, असं गिलमोरने जाहीर केलं. चौघे परत एकत्र वाजवतील ही आशा मात्र तिथेच संपली. बॅरेट जुलै २००६ मध्ये गेला, राइट सप्टेंबर २००८ मध्ये.

‘गाणी सुटी विकू नका’ म्हणून कोर्टात गेलेला बँड हाच ना? मग त्यांनी स्वतःच सुटी गाणी निवडून संग्रह कसा काढला?

हाच. मार्च २०१० मध्ये लंडनच्या हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: करारात अल्बमची एकसंधता जपण्याचं कलम होतं, त्यामुळे ईएमआय कंपनीला इंटरनेटवर त्यांची गाणी परवानगीशिवाय एकेकटी विकता येणार नाहीत. वर्षभरातच दोघांनी नवा करार केला आणि सुटी विक्री सुरू झाली, ही गोष्ट वेगळी.

प्रश्नातला टोमणा रास्त आहे. पण त्यांचा आक्षेप गाणं अल्बममधून बाहेर काढण्याला नव्हता, ते कुणी आणि कसं काढायचं याला होता, असं ‘एकोज’ ऐकून वाटतं. सुटी करून त्यांनी ती परत शिवली आहेत.

फ्लॉइड कधी भारतात आले होते का?

बँड म्हणून नाही. वॉटर्स मात्र २००२ मध्ये बंगळूरला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये मुंबईत वाजवून गेला. मुंबईचा कार्यक्रम वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर होता. मी पार मागे होतो. ‘शीप’ वाजताना फ्लॉइडच्या कार्यक्रमांची जुनी खूण असलेलं मोठ्ठं फुगवलेलं डुक्कर डोक्यावरून तरंगत गेलं, आणि शेजारचे एक गृहस्थ, कपाळाला गंध, पन्नाशीच्या पुढचे, मान वर करून ‘आलं बघा आलं’ म्हणाले. एखाद्या जत्रेत पालखी दिसल्यावर म्हणावं, तसं.

आज विकत कुठे मिळेल?

ऱ्हिदम हाउससारखी दुकानं होती तोवर तिथे जाऊन चाळता यायचं. काळा घोड्याचं ते दुकानही २०१६ मध्ये बंद झालं. आता जुन्या सीड्यांचा ऑनलाइन बाजार धुंडाळायचा. घेताना दोन्ही सीड्या आणि पुस्तिका आहे ना ते विचारून घ्या. हा संग्रह चार रेकॉर्ड्सच्या संचातही निघाला आहे, पण आठ बाजू म्हणजे सात वेळा उठून रेकॉर्ड उलटायची किंवा बदलायची, आणि दर वेळी एक सांधा तुटतो. दिसायला देखणा, या संग्रहासाठी चुकीचा.

हा ऐकून झाल्यावर पुढे काय ऐकू?

‘मेडल’ची दुसरी बाजू, न कापलेलं ‘एकोज’. मग ‘विश यू वेअर हिअर’ पूर्ण. मग थेट ‘पायपर’. ‘द वॉल’ शेवटी ठेवा, कारण तो आधी ऐकला की बाकीचे सगळे त्याच्याच सावलीत ऐकू येतात.

अगदी शेवटी, ‘बाइक’ संपताना बदकं कलकलाट करत असल्यासारखा आवाज येत राहतो. प्लेअर अडकला आहे का?

नाही, राहू द्या तसंच. गाणं संपता संपता तो पोरगा एका खोलीत चला म्हणतो, ती खोली सुरांनी भरलेली आहे. मग घड्याळं, घंटा, खडखडाट, आणि सगळ्यात शेवटी हा कलकलाट. अ‍ॅबी रोडमध्ये १९६७ मध्ये टेपचा एक तुकडा गोल जोडून फिरवत ठेवला होता, तोच हा. तो आपला आपण बारीक होत जातो.